पार्किन्सन्स: जेवणानंतरची गोळी लागू का पडत नाही?

वडिलांची पार्किन्सन्सवरची सकाळची लेव्होडोपा गोळी लागू पडते आणि दुपारी जेवणानंतरची पडत नाही, तर डोस वाढवण्याआधी वेळ तपासा. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत हे औषध ज्या वाहकांवरून जातं, त्याच वाहकांवर डाळ, दही, अंडी, मटण यांतल्या प्रथिनांपासून बनलेली अमिनो आम्लंही चढतात. त्या गर्दीत औषध मागे पडतं. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तास-दीड तासाने, पाण्यासोबत घ्यावी, दुधासोबत नको. मळमळ झालीच तर सोबत साधं बिस्किट चालेल. लोहाची गोळी असेल तर २ तासांचं अंतर ठेवा. प्रथिनं खाणं बंद करू नका, वजन घटतं. त्यांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात न्या. बद्धकोष्ठतेमुळेही गोळी उशिरा लागू पडते, आणि तिकडे फार कमी लक्ष दिलं जातं.

आठवडाभर गोळीची, जेवणाची आणि अंग आखडल्याची वेळ वहीत लिहून न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. औषध स्वतःहून अचानक बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं. उलटीवर मेटोक्लोप्रमाइड नको. त्याने ताठरपणा वाढतो.

२०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं फॉसलेव्होडोपा (लेव्होडोपाचंच द्रवरूपात देता येणारं रूप) पंपाने २४ तास त्वचेखाली सोडतात, त्यामुळे निदान आतड्यातली अडचण टळते.