जुन्या लॅपटॉपची डिस्क डेस्कटॉपमध्ये वापरताना

प्रश्न : २०१४ साली घेतलेला माझा लॅपटॉप मदरबोर्ड बिघडल्यामुळे बंद पडला. त्यातली ५०० जीबीची हार्ड डिस्क काढून मी घरच्या डेस्कटॉपला जोडली आहे. फायली दिसतात, पण संगणक सुरू करताना कधीकधी लॅपटॉपचेच जुने विंडोज सुरू होऊ पाहते. डिस्कचे चार-पाच भाग दिसतात आणि त्यांतले दोन काही केल्या पुसले जात नाहीत. पत्नीच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका, बँकेची कागदपत्रे, आधारच्या प्रती असे बरेच काही त्यावर आहे. डिस्क आमच्याच घरात राहणार असल्याने नुसते फॉरमॅट केले तर पुरेल का?
— एक वाचक, कराड

उत्तर : डिस्क घराबाहेर जाणार नसली, तरी ती एकदा पूर्ण पुसून घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन. त्यामागे गोपनीयतेपेक्षाही मोठे कारण असे, की पहिल्यापासून शेवटच्या सेक्टरपर्यंत (सेक्टर म्हणजे मजकूर साठवणारा डिस्कवरचा लहानसा कप्पा) लिहायला लावल्याशिवाय इतकी वर्षे चाललेली डिस्क आणखी किती भरवशाची आहे, हे कळत नाही.

नेहमीच्या क्विक फॉरमॅटमध्ये यातले काहीच होत नाही. शेतात पीक उभेच असावे आणि सातबाऱ्यावरची नोंद तेवढी काढून टाकावी, तशी त्या वेळी फक्त फायलींची यादी कोरी होते. मूळ मजकूर जागेवरच राहतो आणि फायली परत मिळवून देणाऱ्या साध्या प्रोग्रामलाही तो सापडू शकतो. क्विक फॉरमॅटची खूण काढून केलेले पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत सगळीकडे शून्ये लिहिते. परंतु त्याचा अंमल निवडलेल्या एका भागापुरताच असतो, आणि जे दोन भाग आपल्याला पुसता येत नाहीत, ते तसेच राहतात. त्यांपैकी एक बहुधा विंडोज सुरू करणारा ईएफआय भाग आणि दुसरा लॅपटॉपच्या कंपनीने दिलेला रिकव्हरीचा भाग असावा. चुकून पुसले जाऊ नयेत म्हणून विंडोजमधले डिस्क मॅनेजमेंट हे साधन त्यांना हात लावू देत नाही. जुने विंडोज सुरू होऊ पाहते, तेही त्या ईएफआय भागामुळेच. तूर्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन डेस्कटॉपची स्वतःची डिस्क पहिल्या क्रमांकावर ठेवावी.

पुसण्याआधी यूझर्स या फोल्डरमधले सर्व काही दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे. परवानगी नाही असा संदेश आला, तर कंटिन्यू म्हणून थोडा वेळ थांबावे. येथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. प्रश्नपत्रिका शिवाजी किंवा कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या असतील, तर नुसती फाइल जपून उपयोग नाही. तो फाँट नसलेल्या संगणकावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून जुन्या विंडोजच्या फाँट्स या फोल्डरमधून तो फाँटही उचलून ठेवावा. उतरवलेल्या फायलींपैकी आठ-दहा उघडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पुसण्याचे काम विंडोजमधल्याच डिस्कपार्ट या साधनाने होते. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा, डिस्कपार्ट सुरू करावे आणि ‘लिस्ट डिस्क’ ही आज्ञा द्यावी. सर्व आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या आहेत. समोर येणाऱ्या यादीत ५०० जीबीची डिस्क सुमारे ४६५ जीबी आणि १ टीबीची सुमारे ९३१ जीबी दिसते. त्यावरून आपली डिस्क ओळखावी, तिचा क्रमांक देऊन ‘सिलेक्ट डिस्क’ म्हणावे आणि ‘डिटेल डिस्क’ या आज्ञेने दिसणारे मॉडेलचे नाव डिस्कच्या लेबलशी ताडून पाहावे. चालू विंडोज ज्या डिस्कवर आहे ती पुसायला डिस्कपार्ट नकार देते. पण फोटो-व्हिडिओ ठेवलेली दुसरी एखादी डिस्क जोडलेली असेल, तर तिला असे कोणतेही संरक्षण नसते आणि ती न विचारता पुसली जाते. म्हणून संगणक बंद करून अशा डिस्कची केबल आधीच काढून ठेवणे सर्वांत निर्धोक होय.

यानंतर ‘क्लीन ऑल’ ही आज्ञा द्यावी. नुसत्या ‘क्लीन’ने भागांची नोंद तेवढी जाते, ‘क्लीन ऑल’ने प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिले जाते. लॅपटॉपच्या ५०० जीबी डिस्कला साधारण दीड ते अडीच तास लागतात, यूएसबी २.० च्या केबलने जोडली असल्यास चार-पाच तासही लागतील. या काळात पडद्यावर प्रगतीची कोणतीही खूण दिसत नाही, म्हणून संगणक अडकला असे समजून तो बंद करू नये.

एकदा शून्ये लिहिणे पुरेसे आहे. ३५ वेळा पुसण्याचा जो सल्ला अजून ऐकू येतो, त्याचे मूळ पीटर गुटमन यांच्या १९९६ मधल्या निबंधात आहे आणि तो त्या काळच्या डिस्कना धरून होता. अमेरिकेतील एनआयएसटी या संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेनेही चुंबकीय डिस्कसाठी एकाच फेरीला सर्वसाधारणपणे पुरेसे मानले आहे.

पुसण्यापूर्वी आणि पुसल्यानंतर डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये ०५ आणि सी५ या दोन ओळींचे आकडे लिहून ठेवावेत. पहिली ओळ बदलून टाकलेले सेक्टर मोजते, दुसरी संशयित सेक्टर. दोन्हीकडे शून्य असेल तर उत्तम. सी५ चा आकडा पुसल्यावर शून्यावर आला आणि ०५ चा वाढला नाही, तरी डिस्क वापरता येते, मात्र महिनाभर लक्ष ठेवावे. ०५ चा आकडा वाढतच राहिला, तर तिचा मोह सोडावा.

पुढचे सोपे आहे : डिस्क मॅनेजमेंटमध्ये भागांची नोंद ठेवण्याची जीपीटी पद्धत निवडावी, विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस रचनेचा एकच भाग करावा आणि अडीच इंची डिस्क साडेतीन इंचांच्या जागेत घट्ट बसवणारे ब्रॅकेट घ्यावे. तिच्यावर विंडोज मात्र टाकू नये. ती त्या कामाला मंद पडेल. दुसरीकडे असलेल्या फोटोंची आणि कागदपत्रांची जादा प्रत ठेवायला ती चांगली आहे, एकुलती एक प्रत ठेवायला नव्हे.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कऐवजी एसएसडी होती. तिलाही हेच लागू पडते का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. एसएसडी आपल्या पेशींची झीज सारखी व्हावी म्हणून मजकूर आतल्या आत हलवत असते, त्यामुळे वरून शून्ये लिहूनही काही जुना मजकूर शिल्लक राहू शकतो आणि लिहिण्याचे आयुष्य मात्र विनाकारण खर्च होते. घरातच वापरायची असल्यास ‘क्लीन’ करून नव्याने फॉरमॅट करणे पुरे. दुसऱ्याला द्यायची असल्यास ती बनवणाऱ्या कंपनीच्या प्रोग्राममधले सिक्युअर इरेज वापरावे आणि त्या वेळी एसएसडी थेट मदरबोर्डला जोडावी, कारण यूएसबीच्या अनेक केबलमधून ती आज्ञा पोहोचत नाही.