जकुझीचा पंप कधी उचलतो, कधी नाही

तुम्ही लिहिलंय की लोणावळ्याच्या बंगल्यातल्या जकुझीचा दीड एचपीचा पंप चारदा बटण दाबलं तर एकदा अडतो, आणि वायरमन आला की नेमका शहाण्यासारखा चालतो. एकाने कपॅसिटर (मोटरला फिरायला जोर देणारा छोटा डबा) बदलला, दुसऱ्याने रिवाइंडिंग, म्हणजे मोटरच्या आतली तांब्याची तार नव्याने गुंडाळणं, सुचवलं. रिवाइंडिंगला इतक्यात हो म्हणू नका. जळलेलं वाइंडिंग सहसा अशी लहर दाखवत नाही. ते एमसीबी पाडतं नाहीतर वास सोडतं.

अडेल त्या क्षणी मोटरजवळ कान द्या. काहीच आवाज नसेल तर मोटरपर्यंत वीजच पोचत नाही. अशा वेळी टबच्या काठावरचं बटण आधी बघा. बऱ्याच टबांत ते विजेचं नसतं. त्यातून एक बारीक नळी खाली जाते आणि हवेच्या दाबाने स्विच पडतो. नळी सैल झाली किंवा चिरली की बटण कधी लागतं, कधी नाही. ती ठीक असेल तर रिले (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा आतला स्विच) आणि टर्मिनलचे स्क्रू तपासा.

पण ‘घूंऽऽ’ असा आवाज करून मोटर जागची हलत नसेल, तर वीज येतेय, सुरुवातीचा जोर मिळत नाहीये. दोन-तीन सेकंदांत बंद करा. अडलेली मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, तापते आणि आतला थर्मल कट पडतो. अर्ध्या तासाने ती निवते, मग सगळे म्हणतात, ‘गरम झाल्यामुळे अडते’. खरं तर अडल्यामुळे गरम झालेली असते.

आता माझा संशय. तुमच्या मोटरवर दोन कपॅसिटर असतील, एक सुरुवातीचा आणि एक चालू असतानाचा, तर आत सेंट्रिफ्युगल स्विच असणार. मोटर सुमारे पाऊण वेगाला पोचली की तो सुरुवातीचा कपॅसिटर सोडवतो. मोटर थांबताना परत जोडतो. त्याचे पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकणारे धातूचे ठिपके, काळे पडले किंवा पावसाळ्याच्या दमटपणाने स्प्रिंग गंजली, की तो कधी जोडतो, कधी नाही. मोटर बंद करा आणि वेग उतरताना ‘टक्’ ऐका. आली नाही, तर पुढच्या वेळी अडण्याची शक्यता मोठी. माझ्या कर्जतच्या घरी अगदी हेच होतं. रिवाइंडिंगचे पैसे देऊन झाल्यावर कळलं, कारण पॉइंट कुणी पाहिलेच नव्हते. वायरमनने दोनातला कुठला कपॅसिटर बदलला, हेही विचारा. एकच कपॅसिटर असेल तर बहुधा आत हा स्विच नाही, तो मुद्दा सोडा.

कपॅसिटर मोजायचा तर मेन बंद करून, आणि आधी बल्बमधून डिस्चार्ज करून. चालू असतानाच्या कपॅसिटरवर 36 मायक्रोफॅरड लिहिलंय आणि मीटर 29 दाखवतोय, तर तो गेला.

त्याच वेळी, वीज बंदच ठेवून, मागच्या पंख्याच्या बाजूने शाफ्ट हाताने फिरवा. आठवडाभर बंद पडलेल्या पंपात क्षार धरतात, सीलचे दोन तोंड एकमेकांना चिकटतात. जड फिरला तर सील आणि बेअरिंग दोन्ही बघा. वीज चालू असताना स्क्रूड्रायव्हरने ढकलून मोटर चालू करणारे कारागीर मी पाहिलेत. कृपया ते करू देऊ नका.

शेवटी व्होल्टेज, पण मीटरजवळ नाही, मोटरच्या टर्मिनलवर, सुरू होताना मोजा. वायर जेमतेम 1.5 चौरस मिलिमीटरची आणि अंतर 40 मीटर असेल, तर जाऊन-येऊन सुमारे 1 ओहम भरतो. सुरुवातीच्या 45 अँपिअरला 40 पेक्षा जास्त व्होल्ट वायरीतच जातात. त्यात शनिवारी संध्याकाळी शेजारच्या सगळ्या बंगल्यांचे गीझर चालू! मोटरला 180 व्होल्ट मिळाले तर जोर 230 च्या मानाने साधारण 60 टक्केच उरतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. वायरमन मंगळवारी दुपारी आला तर पंप का चालतो, हे इथेच सापडू शकतं. मग 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाका.

आणि लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर तो बसेपर्यंत पाहुण्यांना त्या पाण्यात बसवू नका. पंप चालला तरी.