सिंधू करायचीय तर आधी जात्यावर बस

बाळा,

परवा तू ऑडिशनसाठी राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकातला सिंधूचा प्रवेश करून दाखवलास आणि मी काहीच बोलले नाही, तुला वाईट वाटलं असणार. पण तेव्हा बोलले असते तर घाईत बोलले असते, म्हणून आज निवांत लिहायला बसले.

तू पहिल्या वाक्यापासून रडत होतीस. खरं रडत होतीस, डोळ्यातलं पाणी खोटं नव्हतं, पण सिंधूला रडायला वेळ कुठंय गं? घरात दाणा नाही, नवरा दारू पिऊन कुठं पडलाय पत्ता नाही, बाळ भुकेलंय, आणि आल्यागेल्याला यातलं काही कळू द्यायचं नाही. ती सगळा वेळ झाकत असते. रडू येतंय आणि ती येऊ देत नाही, एवढं कर, बास.

तुला तिचा राग येतो, 'असली कसली बाई' म्हणालीस. येऊ दे राग, पण संहिता परत वाच. भाऊ माहेरी न्यायला बघतोय आणि ही ठाम नाही म्हणते, 'कशि या त्यजू पदाला' तिथं येतं. सगळे ते पद भक्तीनं म्हणतात, मला त्यात हट्ट ऐकू येतो. शेवटी मरताना फौजदारापुढं ती नवऱ्याला वाचवायला खोटं बोलते तोही तोच हट्ट. तुला तिचं पटायची गरज नाही, पण तिचं तिला शंभर टक्के पटलेलं दिसलं पाहिजे.

आता जात्याचं. प्रवेशात तू दळतेस ते मनगटातून, मिक्सरचं झाकण फिरवल्यासारखं. दळण खांद्यातून आणि कमरेतून येतं. एक पाय लांब, एक दुमडलेला, उजवा हात खुंट्यावर आणि डावा वैरण घालायला, म्हणजे जात्यात दाणे सोडायला. पाच मिनिटांत दंड भरून येतो आणि वाक्य आपोआप ओढीबरोबर तुटतं, श्वास कुठं घ्यायचा ते जातंच शिकवतं. आणि एक, दाणे संपले की आवाज बदलतो, कोरडा खरखरीत होतो, तेव्हा बोलता बोलता बाईचा हात न बघता सुपाकडं जातो. मला सिंधूचा तो हात बघायचाय. ऑडिशनला जातं नसणार, तर हवेत हात फिरवत बसू नकोस, नुसती खाली बस, खांद्यात ते ओझं असलं की दिसतं.

भाषेचं जरा जास्त सांगते कारण तिथं तू पडशील. गडकऱ्यांची वाक्यं लांब आणि अलंकारिक असतात, स्वल्पविरामाला थांबत गेलीस तर त्यांची पाठांतर स्पर्धा होते. शेवटचं क्रियापद मनात धरून निघ आणि तिथंच जाऊन टेक. आणि आपलं कोल्हापूर! परवा दोनदा 'मी जातो' म्हणालीस. मी स्वतः आजही घरात 'येतो गं' असंच म्हणते, त्यात लाज कसली, पण सिंधूच्या तोंडी 'जाते'च पाहिजे आणि टेन्शन आलं की घरची बोली आधी बाहेर येते. म्हणून पंधरा दिवस रंकाळ्यावर फिरताना मोठ्यानं म्हण, लोक बघतील, बघू देत.

बालगंधर्वांचं रेकॉर्डिंग सध्या ऐकू नकोस. १९१९ च्या जानेवारीत गडकरी गेले, फेब्रुवारीत नाटक रंगमंचावर आलं, सिंधू बालगंधर्वांची, आणि तेव्हापासून जी ती त्यांच्या गाण्यातल्या हरकती उचलते. तुझा गळा वेगळा आहे. गायला सांगितलं तर तुझ्या काळी चार पट्टीत दोन ओळी साध्या म्हण, तान नको. नऊवारी नेसून जाऊ नकोस पण तालीम मात्र नऊवारीतच कर, नाहीतर बसता उठता येत नाही.

केशवराव भोसले नाट्यगृहाला २०२४ च्या ऑगस्टमध्ये आग लागली तेव्हा तू फोनवर रडलीस ते मी विसरले नाही. तिथं उभं राहायचं तुझं मन आहे, माझंही आहे, म्हणून एवढं कडक लिहिलं.

रविवारी सकाळी लवकर ये. आईचं जातं माळ्यावरून काढून धुऊन ठेवलंय. ज्वारी तू घेऊन ये, दोन किलो तरी, आणि त्या दिवशी संवाद नाही, नुसतं दळायचं.

तुझी,
मावशी