'आत्मपरीक्षा' की 'आत्मपरीक्षण'?

प्रश्न असा आला आहे: "आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) प्रभुभोजनाआधी, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीआधी, पाळकसाहेब 'आत्मपरीक्षा करा' असं सांगतात. बरोबर शब्द 'आत्मपरीक्षण' ना? आणि 'ऐक्य' व 'एकी' यांत फरक काय?"

दोन्ही शब्द शुद्ध आहेत. 'परि' आणि 'ईक्ष्' यांपासूनच दोन्ही झाले. 'आत्मपरीक्षा' हे मिशनऱ्यांचं कच्चं मराठी, असं ठासून सांगणाऱ्या शुद्धिवाद्यांनी पाणिनीचं 'गुरोश्च हलः' (३.३.१०३) हे सूत्र उघडून पाहावं. 'परीक्षा' त्याच सूत्राने सिद्ध होते. रत्नपरीक्षा, नाडीपरीक्षा, अग्निपरीक्षा हे शब्द काय मिशनऱ्यांनी आणले?

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. 'आत्मपरीक्षण' हा शब्द हल्ली दुसऱ्याला सुनावण्यापुरता उरला आहे. 'विरोधकांनी आत्मपरीक्षण करावे', 'पराभूतांनी आत्मपरीक्षण करावे'. स्वतःला उद्देशून तो कुणी उच्चारत नाही. आणि चर्चमध्ये ऐकू येतं ते याहून वाईट: "मी आत्मपरीक्षण केलं, म्हणून आज प्रभुभोजन घेतलं नाही." शाळेतली परीक्षा डोक्यात बसली, की पास-नापास आलंच. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातलं वाक्य मात्र (१ करिंथ ११:२८) उलट दिशेला जातं. माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं. 'मग खाऊ नये' असं तिथे कुठेही नाही. त्याआधीच्या वचनातला 'अयोग्य रीतीने' हाही क्रियाविशेषण आहे. तो खाण्याची रीत सांगतो, खाणाऱ्याची लायकी ठरवत नाही.

या 'परीक्षा करावी'चं मूळ ग्रीक क्रियापद आहे 'दोकिमाझो', म्हणजे पारखणे. हा टाकसाळीचा, नाण्यांचा, धातूंचा शब्द. अथेन्सच्या आगोरात, म्हणजे प्राचीन बाजारचौकात, १९७० साली एक शिलालेख सापडला. त्यावर इ.स.पू. ३७५-७४चा चांदीच्या नाण्यांविषयीचा कायदा कोरलेला आहे. बाजारातल्या सराफी मेजांच्या मध्ये 'दोकिमास्तेस', म्हणजे नाणी पारखणारा, बसे, आणि तो सरकारी गुलाम असे. आत तांबं-शिसं भरलेलं खोटं नाणं तो तिथल्या तिथे कापून टाकी. आणि त्याने खरं ठरवलेलं नाणं घ्यायला एखाद्या दुकानदाराने नकार दिला, तर त्या दिवशी त्याने विकायला मांडलेला सगळा माल जप्त होई! पारख करायची ती नाणं चलनात यावं म्हणून, आणि एकदा पारखलेलं नाणं सगळ्यांनी स्वीकारावं म्हणून.

त्या सराफी मेजाला ग्रीक शब्द 'त्रापेझा'. आजही ग्रीसमध्ये बँकेला तेच म्हणतात. आणि त्याच पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल 'प्रभूचे मेज' म्हणतो, तेव्हाही शब्द 'त्रापेझा'च. करिंथ हे व्यापारी बंदर, मेज आणि पारख हे शब्द तिथे रोज कानावर पडणारे. पौलाने हे क्रियापद त्या मेजाजवळ मुद्दाम ठेवलं असं माझं मत आहे. दोकिमाझो त्याच्या पत्रांत पुष्कळदा येतो, म्हणून इथे विशेष काही नाही, असं टीकाकार म्हणतात. पुष्कळदा येतो हे मान्य. पण मेजाशेजारी तो कितीदा येतो ते आधी मोजा.

आता आपल्याकडे या. 'परीक्षा'चं प्राकृतात 'परिक्खा' झालं आणि मराठीत 'पारख'. म्हणजे सोनार नथ पारखतो तेव्हा संस्कृतातली परीक्षाच घेत असतो. आपल्याकडे तर त्याचा हुद्दाच होता: पोतदार. सरकारी भरण्यात आलेलं नाणं खरं की खोटं हे तो पाहायचा. 'स्वतःला पारखावे' असं भाषांतर असतं, तर निम्मा घोटाळा झालाच नसता. शिवाय मराठी प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्हांला परीक्षेत आणू नको' आहे, तिथलं ग्रीक मूळ दुसरंच, 'पेइरास्मोस', म्हणजे मोह, कसोटी. एकाच 'परीक्षा' शब्दावर दोन ओझी पडली. ज्या परीक्षेत आणू नको म्हणून आपण विनवतो, तीच करा असं पाळक सांगतात, असं ऐकणाऱ्याला वाटलं तर त्याचा काय दोष?

'आत्म' म्हणजे इथे आत्मा नव्हे, 'स्वतः'. आत्म्यांची परीक्षा बायबलमधल्याच योहानाच्या पहिल्या पत्रात (१ योहान ४:१) आहे. क्रियापद हेच, विषय निराळा.

'पारखा' (मायेला पारखा) मात्र 'पर'च्या कुळातला, 'पारख'शी त्याचं नातं नाही. तरी करिंथमध्ये ते दोन्ही समोरासमोर येतात. श्रीमंत आधी जेवून घेत, पिऊन धुंद होत, आणि गरीब भुकेले राहत. आपलेच भाऊ भाकरीला पारखे केले जात होते. पौल 'स्वतःला पारखा' म्हणाला तो या फुटीमुळे. अध्यायाच्या शेवटी त्याची सूचना साधी आहे: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

राहिलं ऐक्य आणि एकी. एकी आपण करतो, बहुधा कुणाच्या तरी विरोधात. ऐक्य मात्र बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात (४:३) 'राखायचं' आहे, म्हणजे ते आधीच दिलेलं आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्याला मी एकी म्हणणार नाही. ते ऐक्यच. आणि 'मंडळी' शब्दातच 'मंडल' आहे, वर्तुळ. त्याला मेजाची वरची बाजू आणि खालची बाजू नसते.