कराराची अट नीट वाच

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

सैतानाशी होणाऱ्या करारावरच्या तुझ्या प्रबंधाचा खर्डा दोनदा वाचला. मेहनत दिसते, मात्र सैतान काय देतो यावर तू पाने भरली आहेस आणि बदल्यात तो काय घेतो ते 'आत्मा' या एका शब्दात उरकले आहेस.

१५८७ साली फ्रँकफुर्टला छापलेल्या, सैतानाला आत्मा विकणाऱ्या फाउस्टच्या कथेत तेवढा शब्द पुरत होता, कारण तेव्हाच्या वाचकाला नरक खरा वाटत असे: २४ वर्षांची मुदत, रक्ताने लिहिलेले करारपत्र, मुदत भरताच वसुली. पुढे जर्मन कवी गटेने आपल्या नाटकात कराराची पैज केली, म्हणून त्याचा फाउस्ट अखेरीस सुटतो. हा फरक तळटीपेतून वर मजकुरात आण.

पण ज्याच्या वाचकांची नरकाची भीती मोडली आहे, त्या लेखकाने वसुली कशाची दाखवायची? जर्मन लेखक थॉमस मान यांची १९४७ सालची 'डॉक्टर फाउस्टस' ही कादंबरी याच अडचणीला भिडते, म्हणून प्रबंधाचा गाभा तीच असावी असे मला वाटते. तिचे पंचविसावे प्रकरण पुन्हा काढ. इटलीतल्या पालेस्त्रीना गावी संगीतकार लेव्हरक्यून दिव्यापाशी वाचत बसलेला असताना एकाएकी बोचरी थंडी झोंबू लागते, समोर कोणीतरी बसलेले दिसते आणि तो पाहुणाच त्याला कोट घालून यायला सांगतो. थंडी येते आहे तीही पाहुण्याच्याच अंगातून. बोलता बोलता उलगडते की व्यवहार पूर्वीच झाला आहे: सावध केले असतानाही लेव्हरक्यूनने एका वेश्येकडून रोग ओढवून घेतला, तीच सही. मोबदला २४ वर्षांची प्रतिभा, आणि अट अशी की ऊब देणारे प्रेम करायचे नाही.

पुढे नेपोमुक हा पाच वर्षांचा भाचा त्याच्याकडे राहायला येतो, मामाचा त्याच्यावर जीव जडतो आणि पोर मेंदूज्वराने तडफडून जाते. ती पाने मला आजही एका बैठकीत वाचवत नाहीत. मूल मरणाच्या दारी असताना हा माणूस बेथोव्हेनची नववी सिम्फनी रद्द करून टाकण्याची भाषा करतो, त्या वाक्यावर तू एक ओळही लिहिलेली नाहीस!

हा करार नाझी जर्मनीचाही आहे, हे खरेच. कादंबरीचा निवेदक १९४३ साली, दुसरे महायुद्ध चालू असतानाच लिहायला बसतो. पण तू तो अर्थ पहिल्याच पानावर सांगून मोकळा होतोस. त्याआधी वाचकाला ती थंडी लागू दे.

रशियन लेखक बुल्गाकोव्हच्या 'मास्टर आणि मार्गारीटा' या कादंबरीवरचे प्रकरण तूर्त बाजूला ठेव. मार्गारीटा सैतानाकडे जाते ती आपल्या माणसाचा ठावठिकाणा मिळावा म्हणून, आणि तिथे प्रेमाला मनाई नाही. तो हिशेब निराळा आहे, त्यावर भेटीत बोलू.