तो रडत नाही, नुसता चिडतो

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा असून अकरावीत शिकतो आणि संध्याकाळी भंवरकुआ भागातल्या क्लासला जातो. गेले दोन महिने तो सतत चिडचिड करतो, तबल्याला हात लावत नाही, मित्रांबरोबर सराफ्यात खायला जाणेही त्याने सोडले आहे आणि रात्री दोनपर्यंत जागा असतो. त्याचे बाबा म्हणतात, वयच तसे आहे. सासूबाई मोबाइलला दोष देतात. तो कधी रडत नाही, तरीही हे नैराश्य असू शकते का? औषधांची सवय लागेल का?
— एक आई, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : असू शकते. किशोरवयात नैराश्य पुष्कळदा उदासीऐवजी चिडचिडीच्या रूपाने दिसते, आणि निदानाच्या निकषांतही या वयासाठी ते मान्य केलेले आहे. लक्षणे किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ टिकलेली असावी लागतात. तुमच्याकडे तर दोन महिने झाले. मला स्वतःला चिडचिडीपेक्षा तबला बंद पडणे अधिक बोलके वाटते, कारण वयाचा हट्ट आवडीची गोष्ट सहसा सोडायला लावत नाही. मोबाइलचे म्हणाल, तर झोप येत नाही म्हणूनही मुले तो हातात घेऊन बसतात.

मानसोपचारतज्ज्ञ मुलाशी काही वेळ एकट्याने बोलतील. त्याचा राग मानू नये. जिवाला धोका असल्याखेरीज त्याचे बोलणे गुप्त राहील, हे त्याला ठाऊक असले तरच तो क्लासमधला ताण, इतर मुलांकडून होणारा छळ किंवा व्यसन यांविषयी तोंड उघडेल. नऊ प्रश्नांची, सत्तावीस गुणांची एक प्रश्नावली बहुधा भरून घेतली जाते, मात्र केवळ तिच्या गुणांवरून निदान होत नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि, घर शाकाहारी असल्यास, बी-१२ यांची तपासणी करून घ्यावी. त्याला किंवा घरातल्या कोणाला पूर्वी अतिउत्साहाचा, झोपेवाचून चालणारा काळ येऊन गेला असेल, तर ते आवर्जून सांगावे. त्यावरून औषधाची निवड बदलते.

त्रास सौम्य असेल तर समुपदेशन, झोपेचे वेळापत्रक आणि क्लासचा भार कमी करणे एवढ्यापासून सुरुवात करता येते. मध्यम किंवा तीव्र नैराश्यात कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा, बोलण्यातून होणारा उपचार) आणि फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध यांची जोड उपयोगी पडते. अमेरिकेत ४३९ किशोरवयीनांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बारा आठवड्यांनंतर या जोडीने ७१ टक्के, नुसत्या औषधाने ६१ टक्के, तर नुसत्या थेरपीने ४३ टक्के मुलांना लक्षणीय सुधारणा जाणवली. तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या नुसत्या गोळीनेही ३५ टक्क्यांना ती जाणवली. झोपेच्या काही गोळ्यांसारखी या औषधाची चटक लागत नाही, पण गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात आणि बरे वाटल्यावरही ते काही महिने चालू ठेवावे लागते. ते मनाने बंद करू नये. सुरुवातीच्या आठवड्यांत काही मुलांमध्ये अस्वस्थता आणि आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात भेटी लवकर लवकर ठेवतात.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी लिहितो. ‘जगणे नकोसे वाटते का? मरणाचे विचार येतात का?’ असे मुलाला शांतपणे, सरळ विचारा. विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही. उलट मुलांना बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले, तर त्याला एकटे सोडू नका, घरातली औषधे आणि कीटकनाशके कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. टेली मानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते. तसे काही नसले, तरी तज्ज्ञाची वेळ याच आठवड्यात घ्या, आणि त्यासाठी क्लासचा एक दिवस बुडाला तर बुडू द्या.