बक्षीस भिंतीला की टेबलावरच्या पसाऱ्याला?

प्रश्न : ऑस्करमध्ये कलादिग्दर्शनाचं बक्षीस घ्यायला दोघं-तिघं का जातात? त्यात कलादिग्दर्शक कोण?

उत्तर : गंमत अशी, की ‘कलादिग्दर्शक’ हा हुद्दा असलेला माणूस बहुधा त्यात नसतोच. २०१२ च्या चित्रपटांपासून या विभागाचं नाव ‘प्रॉडक्शन डिझाइन’ झालं आणि ऑस्करची सोनेरी बाहुली मिळते ती प्रॉडक्शन डिझायनर आणि सेट डेकोरेटर यांना. खोली केवढी, दार कुठं, रंग कोणता, हे डिझायनर ठरवतो. नकाशे, सुतारकाम, खर्च हे कलादिग्दर्शक त्याच्या हाताखाली सांभाळतो. रंग वाळला की डेकोरेटरची माणसं फर्निचर, पडदे, दिवे घेऊन आत शिरतात. टेबल त्यांचं, पण नट उचलणार तो कप प्रॉपर्टीवाल्यांचा, म्हणजे नटांच्या हातातल्या वस्तू सांभाळणाऱ्यांचा!

१९२९ च्या पहिल्या समारंभात हे बक्षीस एकट्या विल्यम कॅमेरॉन मेन्झीसला मिळालं होतं. सजावटकारांची नावं १९४१ च्या चित्रपटांपासून जोडली गेली. सर्वाधिक, म्हणजे ११ बाहुल्या सेड्रिक गिबन्सच्या नावावर आहेत. पण एमजीएम या स्टुडिओच्या चित्रपटांवर, काम कुणीही केलेलं असो, आपलं नाव लागलंच पाहिजे असा त्याचा करार होता, हे विसरू नये. बाहुलीचं डिझाइनही त्याचंच.

प्रश्न : राजवाडे आणि परग्रहच का जिंकतात?

उत्तर : नामांकनं याच कामातले सभासद ठरवतात, अंतिम मत मात्र सगळ्या शाखांचं. डोळ्यांत भरतं त्यालाच मत पडतं. अमेरिकेतल्या आर्ट डायरेक्टर्स गिल्ड या कलादिग्दर्शकांच्या संघटनेनं आपल्या बक्षिसांत म्हणूनच ऐतिहासिक, कल्पनारम्य आणि समकालीन चित्रपटांसाठी वेगळे विभाग ठेवलेत, आणि तेच न्याय्य वाटतं. ऑस्करमधला सन्माननीय अपवाद ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ (१९७६). वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्राचं कार्यालय स्टुडिओत उभारताना खऱ्या कार्यालयातली रद्दी खोकी भरभरून मागवली होती. बक्षीस मिळालं!

प्रश्न : आमच्या लघुपटातलं जुनं घर नवंकोरं दिसतं. भिंतींना मळकट रंग दिला, तरीही.

उत्तर : मळ सगळीकडे सारखा दिलात, तिथंच फसलं. मळायला कारण लागतं. आधी भिंतीला चकाकी नसलेला, पांढऱ्यापेक्षा दोन छटा मळका रंग द्या. पूर्ण वाळू द्या, नाहीतर वरचा हात खालचा रंग उचलतो. मग एक भाग तपकिरी-काळा पाण्याचा रंग, आठ-दहा भाग पाणी असं पातळ मिश्रण लावून ओलं असतानाच फडक्यानं पुसा. स्विचभोवती, दाराच्या कडीजवळ आणि खुर्चीच्या पाठीच्या उंचीवर कमी पुसा. जमिनीलगत वीतभर फरशी पुसल्याचे शिंतोडे हवेत. ओल खिडकीच्या कोपऱ्यातून खाली उतरते. मधेच उगवत नाही. एखादी तसबीर काढून तिथं स्वच्छ चौकोन सोडलात, तर दहा डाग वाचतात.

फर्निचर एकाच सालचं नको. १९७० च्या घरात आजोबांचं कपाट असतंच. पडदे आणि चादरी कोऱ्या पांढऱ्या असतील तर चहाच्या पाण्यात बुडवून वाळवा, कारण दिव्याखाली पांढरं कापड चेहऱ्याआधी दिसतं. तसबिरींच्या काचेत लाइट किंवा कॅमेरा दिसतोच. चौकटीच्या वरच्या कडेमागे पुठ्ठ्याची घडी अडकवून ती किंचित पुढे झुकवा. तरीही चमकली तर सरळ काच काढून टाका.